खरातची खोली, माझी जळजळ

संपादकांनी फोनवर विषय सांगितला तेव्हा त्यांच्या आवाजात मोठा आदर होता. "इकडच्या कितीतरी दवाखान्यांचे नकाशे तुमच्या हातचे आहेत, शेळकेसाहेब. त्यातल्या तुमच्या सगळ्यांत आवडत्या कामाविषयी लिहा." मी बरं म्हणालो. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की माझं सगळ्यांत आवडतं काम माझं नाहीच. ते उत्तम खरातचं आहे. मग बरेच दिवस मी कागदाला हातच लावला नाही. पण या वयात गोडगोड लिहायचा कंटाळा येतो, म्हणून आधीच सांगून टाकतो. या माणसावर मी आयुष्यभर जळत आलो. तो गेल्याला काही वर्षं झाली, तरी माझं जळणं काही थांबलेलं नाही.

दवाखाना बांधायचा म्हणजे काय करायचं, हे बाहेरच्यांना फारसं माहीत नसतं. लोकांना वाटतं, ओळीनं खोल्या काढायच्या, चुना मारायचा आणि दारावर लाल फुली रंगवायची. खरं काम वेगळंच असतं. बोळात स्ट्रेचर वळेल का, आणि वळताना सलाईनची बाटली उंच धरून चालणारा माणूस भिंतीवर आपटेल का, इथून सुरुवात. मयत कुठल्या दारानं न्यायचं, म्हणजे शेजारच्या खाटेवरच्याचं अवसान जाणार नाही? पेशंट एकटा असतो, पण त्याच्यामागं भाकरीचं गाठोडं, तान्हं पोर, म्हातारी आणि गावातला एक जाणकार असा लवाजमा असतो; तो कुठं टेकणार? कन्नडहून किंवा देवगाव रंगारीहून माणूस दवाखान्यात येतो तो घर बरोबर घेऊनच. आमच्या पुस्तकांतल्या नकाशांत नातेवाईक नावाचा प्राणीच नव्हता.

आणि डॉक्टर मंडळींचे हट्ट तर विचारू नका. एका सर्जनांना खाली दवाखाना आणि वर घर हवं होतं. मी नको नको म्हणत असताना त्यांच्या सौभाग्यवतींनी स्वयंपाकघर नेमकं जिन्याच्या डोक्यावर घ्यायला लावलं. पहिल्याच आठवड्यात वर ठेच्याच्या मिरच्या भाजल्या आणि खाली पोटाचं ऑपरेशन झालेला पेशंट ठसक्यानं टाके उसवून घेता घेता वाचला. त्यानंतर त्या घरात ठेचा बंद झाला. सर्जनसाहेब रस्त्यात भेटले की माझ्याकडं बघून अजून सुस्कारा सोडतात.

आता खरातविषयी.

मी सोयगावकडचा. आमचं घर मेंढरांचं. वडील दिवाळी झाली की कळप घेऊन बाहेर पडायचे ते पावसाच्या तोंडाला परत यायचे. खरात छावणीतला. त्याचे वडील लष्कराच्या मेसमध्ये कामाला होते. मुंबईला आर्किटेक्चरच्या कॉलेजात आम्ही एकाच हॉस्टेलच्या एकाच खोलीत पडलो. दोघांच्याही घरात आधी कुणी टी-स्क्वेअर पाहिलेला नव्हता. मी रेघ न् रेघ घासून काढायचो. तो खिडकीत बसून शीळ घालायचा आणि शेवटच्या दिवशी पेन्सिल उचलायचा. मार्क मला जास्त पडायचे, पण सर त्याच्या टेबलाशी जास्त वेळ उभे राहायचे. मला मार्कांचं काय कौतुक! सरांनी माझ्या टेबलाशी तसं थांबावं, एवढंच मला पाहिजे होतं.

तरी परत आल्यावर ऑफिस आम्ही दोघांनी मिळूनच टाकलं, पैठण गेटजवळ. कारण सरळ होतं. तो दुसऱ्या कुणाबरोबर काम करतोय, हे मला बघवलं नसतं. पाटीवर 'शेळके-खरात' असं लिहिलं. तेही त्याच्याच सांगण्यावरून. "अक्षरांच्या हिशेबानं माझं नाव आधी येतं," तो म्हणाला, "पण तुला जेवण जाणार नाय लक्ष्या. तुझं टाक पुढं." मला राग आला आणि मी माझं पुढं टाकलं.

तेव्हाचं औरंगाबाद दिवसा एक आणि संध्याकाळी दुसरंच दिसायचं. चिकलठाण्याला कारखाने उभे राहिले होते, वाळूजकडं नवे येत होते. कालपर्यंत बापाबरोबर वावरात राबणारी पोरं फिटर आणि टर्नर होऊन सायकलींच्या थव्यानं कामावर जायची. प्रेस मशीनमध्ये बोटं जायची. त्यांच्या बायका गावाकडून आलेल्या, बाळंतपणाला माहेर लांब. म्हणून काही कारखानदारांनी मिळून एक ट्रस्ट केला आणि कामगारांसाठी दवाखाना काढायचं ठरवलं. ट्रस्टचे अध्यक्ष एक वयस्क कारखानदार होते, सगळे त्यांना शेठजी म्हणत. काम आम्हाला मिळालं. त्या वेळी आमच्यासाठी ते फार मोठं काम होतं.

आधी तळमजला बांधला आणि सुरू केला. त्यातला बाळंतिणींचा वॉर्ड मी काढला होता. काय वॉर्ड होता! पश्चिमेला ओळीनं मोठ्या खिडक्या, खाटेच्या उंचीपासून वर थेट छतापर्यंत. डोंगराकडचं वारं सरळ आत. उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांनी खिडकीत उभं राहून वाहवा केली आणि मी नम्रपणे मान खाली घातली.

वॉर्ड भरला आणि खिडक्या बंद झाल्या. बाळंतीण म्हणजे कानाला फडकं, खाटेखाली शेगडी, आणि वारा अजिबात नको. हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. डॉक्टरीणबाई म्हणायच्या, मोकळी हवा पाहिजे. सिस्टर खिडकी उघडायची, सासू लावायची. मेट्रन होत्या सुशीला पगारे, जालन्याकडच्या ख्रिश्चन, आवाज खणखणीत. त्या मला बोळात गाठून म्हणाल्या, "साहेब, माझ्या पोरी इंजेक्शनं द्यायल्या का खिडक्या उघडायल्या? हितं सासवांशी रोजची कुस्ती हाय." मी चिडून खिडक्यांच्या कड्याच काढून घेतल्या, म्हणजे त्या लागणारच नाहीत. मग बायकांनी तिथं गोधड्या टांगल्या. पॅकिंग खात्यातल्या एका नवऱ्यानं तर खोक्यांचे पुठ्ठे मापानं कापून आणले, आणि ते चौकटीत इतके चपखल बसले की त्याला आमच्या ऑफिसात घ्यावं असं मला वाटून गेलं.

खरात नुसता वॉर्डाबाहेरच्या ओट्यावर जाऊन बसू लागला. बायका माझ्याशी 'व्हय साहेब', 'नाय साहेब' यापलीकडं बोलत नसत. त्याच्याशी मात्र सासू, सून, नणंद सगळ्या बोलायच्या. एकीनं तर त्याला बाळाचं नाव काय ठेवावं तेही विचारलं. मी चार वेळा त्या वॉर्डात फिरलो होतो. मला कुणी पाणीसुद्धा विचारलं नव्हतं.

मग एके दिवशी त्यानं माझ्या टेबलावर नव्या नकाशाचं ट्रेसिंग पसरलं. "तू खिडकी फोटोसाठी केली लक्ष्या," तो म्हणाला. "बाळंतिणीसाठी नाय केली." त्यानं खिडक्यांचा खालचा भाग विटांनी बुजवून टाकला होता. बुजवलेल्या जागी भिंतीच्या जाडीत कोनाडे, बाळाचं दुपटं आणि डिंकाच्या लाडवांचा डबा ठेवायला. हवेच्या वाटा वर, छताखाली, तिरप्या पट्ट्यांच्या. समोरच्या भिंतीतही तशाच. वारा डोक्यावरून येणार आणि डोक्यावरूनच जाणार, खाटेवरच्या बाईला पत्ता लागणार नाही. आणि प्रत्येक खाटेशेजारी बुटका रुंद ओटा, सोबतच्या बाईला पाठ टेकायला. तसं बांधून घेतलं. सासूला बसायला हक्काची जागा मिळाली आणि ती खिडकीला विसरली. सगळा वॉर्ड शांत झाला. पुठ्ठे आपोआप निघाले.

माझा तिळपापड का झाला ते सांगतो. कोकरू जन्मलं की त्याला वाऱ्याच्या आडोशाला ठेवायचं, कळप बसवताना आधी वारं कुठून आहे ते बघायचं, हे मी चालायला लागलो तेव्हापासून बघत आलेला माणूस. वारं हा माझा विषय! ड्रॉइंग बोर्डावर मात्र मला पुस्तक आठवलं, आणि ज्यानं आयुष्यात मेंढराला हात लावला नव्हता त्याला नेमकं तेच सुचलं. लोक त्याला 'खरातसाहेबांचा वॉर्ड' म्हणू लागले. आजही मला वाटतं की मला आणखी थोडा वेळ मिळाला असता तर मलाही ते सुचलं असतं.

यानंतर वरच्या मजल्याचं काम आलं, आणि खरी कहाणी इथं आहे.

वरच्या मजल्याच्या ईशान्य कोपऱ्याला लागून खाली चौक होता आणि चौकात जुना निंब. त्याचा शेंडा बरोबर त्या मजल्याच्या खिडकीशी यायचा. इमारतीतला सगळ्यांत थंड, सगळ्यांत देखणा कोपरा. शेठजींना तिथं स्पेशल रूम हवी होती, ट्रस्टला देणग्या देणाऱ्यांसाठी. खरातनं तिथं नर्सांची खोली काढली.

नर्सांची खोली म्हणजे काय, असं शेठजींनी विचारलं. प्रश्न खोटा नव्हता. तेव्हा दवाखान्यात नर्सांना खोली नसायचीच. एक टेबल, एक खुर्ची, आणि पाठ भरून आली तर चादरींच्या कोठीत जाऊन गठ्ठ्यावर टेकायचं. खरातच्या नकाशात दोन खाटा होत्या, मोरी होती, आणि आतून कडी लागणारं दार होतं. शिवाय दुसरीकडून बाहेर पडायला आणखी एक दार. वॉर्डाकडं एकही खिडकी नव्हती.

"दो दरवाजे कशाला?" शेठजी म्हणाले.

खरात म्हणाला, "शेठजी, पेशंट हातावर जातो तेव्हा घरचे लोक गळा काढून रडतात. नर्सनं कुठं रडायचं? पुढच्या खाटेवर लगेच हसून इंजेक्शन द्यायचं असतं तिला. एका दारानं आत जाऊन रडंल, तोंड धुईल, अन् दुसऱ्या दारानं बाहेर येईल. कोणी बघणार नाय."

पगारे सिस्टर मिटिंगला बसल्या होत्या. त्यांनी खरातकडं ज्या नजरेनं बघितलं ती नजर माझ्या वाट्याला कुठल्याही नकाशासाठी आलेली नव्हती. शेठजी म्हणाले, विचार करू. शेठजींचं 'विचार करू' म्हणजे नाही, हे सगळ्यांना माहीत होतं.

तेवढ्यात नामांतराच्या आंदोलनानं पुन्हा जोर धरला. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यावं म्हणून चाललेला तो लढा कैक वर्षांचा. खेड्यापाड्यांत त्यापायी वस्त्या जळाल्या होत्या, त्यात खरातच्या मावशीचं घर गेलं होतं. तो ते मला एकदाच बोलला, परत कधी नाही. मी स्वतः त्यात कुठंच नव्हतो. गावाकडं गेलो की आमच्या लोकांत एक बोलणं चालायचं, ऑफिसात दुसरं, आणि मी दोन्हीकडं मान हलवायचो. मला धंदा करायचा होता.

सत्याग्रहाला जायच्या आधी खरात ऑफिसात आला. अंगावर पांढरा सदरा, हातात एक पिशवी. म्हणाला, "आत जायलोय. किती दिवस ठेवतात काय माहीत. बाकी तुला पाहिजे ते बदल, नर्सांची खोली तेवढी सोडू नको." त्याला हर्सूलच्या जेलात ठेवलं.

शहरात बंद, मधूनच संचारबंदी, साइटवर गवंडी यायचे आणि नाही यायचे. अशात शेठजींनी मला बोलावलं. चहा मागवला, दार लावून घेतलं. "देखो शेळके," ते म्हणाले, "मला कुणाच्या चळवळीशी लेनदेन नाही. पण ट्रस्टमध्ये बाकी लोक आहेत. तुमच्या पाटीवरचं दुसरं नाव त्यांना खटकतं. पाटी तुमच्या एकट्याच्या नावाची करा. हे काम तुमचं, पुढं वाळूजला निघेल तो दवाखानाही तुमचा. आणि तो कोपरा स्पेशल रूमला द्या. आता अडवायला कोण आहे?"

जे मला हॉस्टेलपासून पाहिजे होतं ते सगळं माझ्यासमोर बशीत घालून ठेवलं होतं. खरं सांगतो, जीभ हो म्हणायला निघाली होती. पण मला ते घेववेना. यात माझा चांगुलपणा काही नव्हता, उगाच गैरसमज नको. मला खरातला हरवायचं होतं, तो समोर उभा असताना, सगळ्यांच्या देखत. तो कोठडीत बसलेला असताना त्याचं नाव पुसून मी पहिला आलो, तर ते कसलं जिंकणं? तो बाहेर येऊन नुसता हसला असता. ते हसणं मला सहन झालं नसतं.

"पाटी दोघांची राहील," मी म्हणालो, "नाहीतर काम दुसऱ्याला द्या." अर्धा मजला वर आलेला असताना आर्किटेक्ट बदलणं परवडत नाही, हे शेठजींना कळत होतं. "पण स्पेशल रूम होणार," ते म्हणाले.

तत्त्वाच्या गोष्टी सांगून शेठजी ऐकणार नव्हते. खरातनं त्या सांगून झाल्याच होत्या. मी वेगळा रस्ता धरला. शेठजी देवभक्त माणूस, सोवळंओवळं कडक. मी नकाशा उघडला आणि त्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "करू की स्पेशल रूम. फक्त एक आहे. याच्या बरोबर खाली बाळंतपणाची खोली येते. रोज तिथं दोन-तीन बाळंतपणं. तुमचे देणगीदार, त्यांच्या घरची मंडळी, सगळी सोवळ्यातली माणसं. सोयर चालू असलेल्या जागेवर खाट टाकून झोपतील ना?"

शेठजींचा कप ओठांशी तसाच राहिला. त्यांनी नकाशा खालून वर, वरून खाली पाहिला. "बरोबर खाली?" 

"खाटेखाली खाट," मी म्हणालो.

"मग तो कोपरा बाद," शेठजी म्हणाले. "द्या नर्सांना. त्यांना कसला विटाळ."

ऑफिसात येईपर्यंत मी मनातल्या मनात नाचत होतो. खरातला जे भर मिटिंगमध्ये युक्तिवाद करून जमलं नाही ते मी एका कपात केलं होतं.

आणि मग ती खोली मी अशी बांधली की काय सांगू. खरातनं दिली होती ती नुसती कल्पना, पेन्सिलच्या चार रेघा. गवंड्यांना निंबाच्या फांद्या तोडायच्या होत्या, मी भिंत मागं घेतली. मोरी त्यानं आतल्या कोपऱ्यात घेतली होती. मी ती दुसऱ्या दाराशी आणली, तिथंच बेसिन आणि बेसिनवर आरसा, म्हणजे बाहेर पडता पडता तोंड धुवून पदर नीट करता येईल. खुंट्या बायकांचा हात पोचेल एवढ्याच उंचीवर. पाण्याची टाकी वेगळी, वॉर्डाचं पाणी गेलं तरी इथलं जायचं नाही. पावसाळाभर मी त्या कोपऱ्यात उभा होतो. मला दाखवायचं होतं, कल्पना कुणाचीही असो, खोली कशी असते.

खोली सुरू झाली. काही दिवसांनी मी वॉर्डाच्या बोळात उभा होतो. प्रेसमध्ये हात गेलेला एक तरुण कामगार सकाळीच दगावला होता. त्याच्या उशाशी असलेली नर्स, विशीतली पोरगी, सरळ चालत गेली आणि आत जाऊन कडी लावली. बोळातून काही ऐकू आलं नाही. बऱ्याच वेळानं ती दुसऱ्या दारानं बाहेर आली, तोंड धुतलेलं, पदर नीट, आणि समोरच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला म्हणाली, "काय बाबा, जेवलात का?" पाठोपाठ पगारे सिस्टर आल्या. माझ्याकडं बघून म्हणाल्या, "खरातसाहेबांच्या खोलीनं लई पुण्य केलं बघा."

"सिस्टर," मी म्हणालो, "ती खोली मी बांधली."

"व्हय की साहेब, तुम्हीच बांधली," त्या समजुतीच्या सुरात म्हणाल्या. "पण खरातसाहेबांची."

कुठं पाटी नव्हती, कुणी ठराव केला नव्हता. नर्सा, आया, वॉर्डबॉय, पुढं पुढं पेशंटसुद्धा तिला खरातांची खोली म्हणत. माझं बेसिन, माझा आरसा, माझी टाकी, माझा वाचवलेला निंब, आणि नाव त्याचं. तो जेलात बसून!

तो सुटून आला तो वाळलेला, दाढी वाढलेली. घरी जायच्या आधी त्याला दवाखाना बघायचा होता. मी त्याला वर नेलं. नर्सा गोळा झाल्या, "तुमची खोली साहेब, तुमची खोली" म्हणत त्याला आत घेऊन गेल्या. त्यानं दोन्ही दारं उघडून पाहिली. बेसिनशी बराच वेळ उभा राहिला. "ही मोरी मी हितं काढली नव्हती," तो म्हणाला. "ही जागा बरोबर हाय. माझी चुकली होती." मग माझ्याकडं वळून विचारलं, "पण शेठजी मानले कसे?"

या प्रश्नाची मी कधीपासून वाट बघत होतो. त्याला खाली चौकात नेलं, निंबाखाली उभं केलं आणि सगळं रंगवून सांगितलं. शेठजींचा कप, खाटेखाली खाट, सोयर. सांगताना मी हसत होतो. तो हसत नव्हता.

"विटाळ सांगून वाचवली?" तो म्हणाला.

"वाचली ना?"

"मी आत कशासाठी बसलो होतो लक्ष्या? हाच विटाळ आमच्या आज्यापणज्यांनी सोसला. अन् तू माझी खोली त्याच्यावर उभी केली? त्या पोरी तिथं झोपतात त्या विटाळाच्या म्हणून झोपतात, असं झालं की नाय?"

इतक्या वर्षांचं साठलेलं सगळं बाहेर आलं. "तुला खोली पाहिजे होती का भाषण?" मी म्हणालो. "तू नव्हतास इथं. त्या माणसाच्या समोर मी बसलो. मला सगळं देत होता तो, पाटी, वाळूजचं काम, सगळं. मी पावसात उभा राहिलो. आणि त्या बायका काय म्हणतात? खरातसाहेबांची खोली! वॉर्ड खरातसाहेबांचा, खोली खरातसाहेबांची. एकीच्या तरी तोंडात माझं नाव आहे का?"

माझा आवाज इतका चढला होता की वरच्या गॅलरीतून दोन-तीन जणींनी वाकून पाहिलं. खरात रागात होता, पण हे ऐकून तो थांबला. माझ्याकडं नीट बघू लागला.

"इतकं लागतं तुला?"

"लागतं! का नाही लागणार? ज्यानं केलं त्याचं नाव नको का घ्यायला?"

"एका खोलीसाठी?"

"हो, एका खोलीसाठी!"

तो हळू, चिडवण्याचा अजिबात सूर नसलेल्या आवाजात म्हणाला, "मग आम्ही युनिव्हर्सिटीच्या दारात काय मागायलोत, ते आता तुला कुणी समजून सांगायची गरज नाय."

एवढी वर्षं एका खोलीत राहून, एका टेबलावर जेवून जे माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं, ते माझ्याच पोटदुखीतून त्यानं काढून माझ्या हातावर ठेवलं होतं. मी निंबाच्या बुंध्याकडं बघत राहिलो.

तो मात्र तिथं थांबला नाही. जिना चढून वर गेला. खाली चौकात मला त्याचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. "सिस्टर, ऐका जरा. या खोलीला माझं नाव नका घेऊ. मी नुसत्या रेघा मारल्या. शेठजींशी शेळकेसाहेब भांडले, हे बेसिन त्यांचं, हा निंब त्यांनी राखला. शेळकेसाहेबांची खोली म्हणायचं. म्हणा बरं." आणि त्या पोरी हसत हसत म्हणाल्या, "शेळकेसाहेबांची खोली." विटाळाविषयी तो एक अक्षर बोलला नाही.

मला हवं होतं ते मिळालं होतं, मोठ्यानं, सगळ्यांच्या देखत. पण आनंद काही झाला नाही. जेलातून सुटून घरीसुद्धा न गेलेला, माझ्यावर चिडलेला माणूस माझं नाव इतक्या सहज घेतो, हे कसं जमतं, या विचारानं मी निंबाखाली उभा राहून जळत होतो. मला ते कधी जमलं नाही. त्याचं नाव घ्यायला मला हे एवढं आयुष्य लागलं, आणि तेही संपादकांनी फोन केला म्हणून.